१९, २७, ३८ : मिरचीचा एक लॉट आणि कारखान्यातली वकीलताई

हे प्रकरण नंदुरबारच्या एका मिरची कारखान्याचं आहे. कंपनीचं नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि एक-दोन गोष्टी खानदेशातल्याच दुसऱ्या कारखान्यांतून उचलून इथे बसवल्यात. कायद्याच्या तरतुदी आणि कोर्टाचा निकाल मात्र आहेत तसेच आहेत.

प्रश्न एवढाच आहे की पगारी वकिलानं धंद्याच्या निर्णयात कुठपर्यंत शिरावं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत यावर परिसंवाद होतात. आपल्याकडे तो प्रश्न शनिवारी संध्याकाळी, गाडी भरून उभी असताना येतो.

कंपनी आणि तिची वकील

नंदुरबारला दिवाळीच्या आगेमागे ओली लाल मिरची बाजार समितीत यायला लागते. लिलाव होतो, व्यापारी माल गावाबाहेरच्या पथारीवर नेऊन टाकतात. उघड्यावर, मातीवर. बायका देठ खुडतात, माल उलथापालथा करतात, ऊन चांगलं असेल तर आठ-पंधरा दिवसांत तो वाळतो. काही मिरची तशीच परराज्यात जाते, काही इथेच दळली जाते.

ही कंपनी दळणाऱ्यांतली. शेठनी उभी केलेली, आता मुलगा चालवतो. खरेदी शेठच्या मेहुण्यांकडे. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो. मामा मिरची हातात घेऊन, देठाशी मोडून, वासावर भाव सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. धंद्याच्या दोन बाजू आहेत: मोठ्या ब्रँडना गोण्यांतून पावडर, आणि खानदेश व सुरतेकडच्या बाजारांत स्वतःच्या नावाची पाकिटं. उलाढाल शंभर कोटींच्या आत.

कायदा विभाग म्हणजे एक बाई. धुळ्याच्या कोर्टात काही वर्षं काढलेल्या. बार कौन्सिलच्या नियमावलीतला नियम ४९ सांगतो की वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की राज्याच्या बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवायची. त्यांनी तसं केलं. कोर्टात उभं राहण्याचा हक्क सोडून कारखान्यात आल्या, म्हणजे घरच्यांच्या मते त्यांनी वकिलीच सोडली. कारखान्यात मात्र त्या वकीलताईच राहिल्या.

सुरुवातीचं काम ठरलेलं होतं. न वटलेल्या चेकच्या नोटिसा (बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली नाही तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ खालची फौजदारी तक्रार हातची जाते), पाकिटावरच्या मजकुराची तपासणी, ब्रँडकडून आलेले करार वाचणं. खुर्ची अकाउंट्सच्या खोलीत. कागद त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी यायचा आणि सोबत ठरलेलं वाक्य यायचं: "मॅडम, फक्त नजर मारा, गाडी भरली आहे." भरलेल्या गाडीपुढे वकील काय नजर मारणार? फार तर स्वल्पविराम सुधारणार.

पहिल्यांदा त्यांना शेठच्या खोलीत बोलावणं आलं ते पैशामुळे. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची व्याख्या बदलली. उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटींवर गेली आणि यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीची १० वरून २५ कोटींवर. ही कंपनी तोवर मध्यम गटात होती, ती लघु गटात आली. अकाउंट्समध्ये कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. वकीलताईंनी शेठच्या मुलाला दोन ओळी लिहून पाठवल्या: सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज चढतं, आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी (एच) प्रमाणे उशीर केला तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. आपले ब्रँड नव्वद-नव्वद दिवस पैसे लटकवतात. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) दुरुस्त करा आणि बिलावर छापा.

भांडण नाही, नोटीस नाही. खरेदीदारांच्या सीएंनीच पुढचं काम केलं. पैसे लवकर यायला लागले तशी अकाउंट्समधली खुर्ची तिथेच राहिली, पण सोमवारच्या बैठकीला एक जास्तीचा चहा यायला लागला.

लॉट

त्या हंगामात अवकाळी पाऊस झाला. पथारीवरची मिरची भिजली. ताडपत्र्या पुरल्या नाहीत, कुठेच पुरत नाहीत. भिजलेला माल बाजारात स्वस्त झाला आणि मामांनी तो घेतला. व्यापारी म्हणून त्यात चूक काही नव्हती. नीट वाळवून, काळी पडलेली मिरची वेचून काढली की माल चालतो, हे ते तीस वर्षं बघत आलेत.

काही आठवड्यांनी एका ब्रँडनं गोण्यांची खेप परत केली. त्यांच्या लॅबमध्ये एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे २४ मायक्रोग्रॅम निघालं होतं. हे बुरशीनं तयार केलेलं विष. बुरशी मेली, मिरची कडक वाळली, तरी ते जात नाही. फोडणीतही जात नाही, आणि यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. ब्रँडचा करार युरोपीय संघाच्या मर्यादेवर बांधलेला होता: मिरचीसाठी १०. भारतात मसाल्यांसाठी मर्यादा ३० आहे. म्हणजे करार मोडला होता, कायदा मोडला नव्हता.

मामांनी तिथल्या तिथे निकाल दिला: परत आलेला माल आपल्या पाकिटांत घाला. कायद्यात बसतो ना?

बसत होता. वकीलताईंनी मान्यही केलं. मग विचारलं की याच कच्च्या मालाची आपली पाकिटं बाजारात गेलीत का. गेली होती, तीन शिफ्टमध्ये दळलेली. त्यांनी पाकिटांची पाठवणी तेवढ्यापुरती थांबवायला सांगितली आणि तिन्ही शिफ्टचे राखीव नमुने मान्यताप्राप्त लॅबला पाठवायला लावले. मुलगा नाराज होता. अहवाल येईपर्यंत दुकानदारांना काय सांगायचं? "पाकीट छपाईची अडचण आहे म्हणा," असं कोणीतरी सुचवलं. वकीलताई म्हणाल्या, खोटं सांगू नका. पाठवणी थांबली आहे एवढंच सांगा.

ओलाव्याचं रजिस्टर

अहवालाची वाट बघताना त्यांनी प्लँटचं ओलाव्याचं रजिस्टर मागवलं. हा भाग थोडा सावकाश सांगतो, कारण कंपनीतला वकील आणि कोर्टातला वकील यांतला फरक मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

रजिस्टर साधं होतं, दोऱ्यानं शिवलेलं, हिरव्या पुठ्ठ्याचं. तारीख, गाडी, मीटरचं वाचन, सही. मिरची पावडरीत ओलावा ११ टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आहे, म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा ओलावा मोजायची पद्धत होती. पावसाच्या आधीची पानं खरी वाटत होती: ९.८, १०.६, ११.२, खाडाखोड, दोन वेगळ्या सह्या, एका पानावर चहाचा डाग. पावसानंतरचे दोन दिवस कोरे. पुढच्या पानावर ओळीनं सहा वाचनं, सगळी १०.५, एकाच पेनानं, एकाच हातानं, एका खाली एक सरळ रेषेत.

मीटर असं वागत नाही. कोणीतरी बसून लिहिलं होतं. प्लँट हेडना लाज वाटली. कोरे दोन दिवसही "भरून घेतो" म्हणाले.

कोर्टातल्या वकिलासमोर हे रजिस्टर खटला उभा राहिल्यावर आलं असतं आणि त्यानं ते कसं सादर करावं, की करूच नये, याचा विचार केला असता. इथे खटला नव्हता. वकीलताईंनी सांगितलं: कोरं ते कोरंच राहील. सहा वाचनांपुढे आजची तारीख घालून, ही नोंद प्रत्यक्ष मोजणीची नाही, असं लिहा आणि सही करा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ८० मध्ये बचाव आहे की शक्य ती सगळी काळजी घेतली होती. तो बचाव याच रजिस्टरवर उभा राहतो. एक पान बनावट निघालं की खऱ्या पानांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

वीस वर्षं रजिस्टर लिहिणारा कारकून शेजारी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "हाई काय शे ताई, आपलंच आपण लिही देवानं?" स्वतःच्याच विरुद्ध स्वतः लिहून द्यायचं, हे त्याला पटेना. मला विचाराल तर त्याचं म्हणणं शेठच्या खोलीतल्या बऱ्याच युक्तिवादांपेक्षा प्रामाणिक होतं.

वकिलाला सांगितलेलं गुपित

शेठचा विचार वेगळ्या वाटेनं गेला. ते म्हणाले, जे काय लिहायचं ते तुमच्या नावे लिहितो. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही ना?

पुष्कळ मालकांना असंच वाटतं. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, वकिलांना तपास यंत्रणांनी समन्स पाठवण्याच्या प्रश्नावर स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात, हे स्पष्ट केलं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मधलं वकील-अशिलाचं संरक्षण कंपनीतल्या पगारी वकिलाला मिळत नाही, कारण तो न्यायालयात वकिली करत नाही. कलम १३४ खाली, कंपनीच्या बाहेरच्या कायदा सल्लागाराशी त्यानं केलेल्या संवादाला संरक्षण आहे. पण मालक आणि पगारी वकील यांच्यातल्या संवादाला ते मागता येत नाही.

वकीलताईंनी शेठना सोप्या भाषेत सांगितलं: मला पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप उद्या कोणीही मागू शकतो. कायद्याचं गुंतागुंतीचं मत धुळ्याच्या वकीलसाहेबांकडून रीतसर घेऊ. माझ्याशी मात्र दाखवायला लाज वाटणार नाही एवढंच लिहा.

या निकालावर नाराज असलेले पगारी वकील बरेच आहेत, आणि त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. धंद्याच्या जितकं जवळ जावं तितकं माहीत जास्त होतं, आणि तेवढंच संरक्षण कमी. पण या प्रकरणात तरी त्याचा एक फायदा झाला. पुढे जे ठरलं ते नुसतं तोंडी न राहता सरळ, स्वच्छ कागदावर आलं.

सरासरी

अहवाल आला. तीन शिफ्ट, तीन आकडे: १९, २७, ३८.

मामांनी बेरीज केली. चौऱ्याऐंशी भागिले तीन, अठ्ठावीस. मर्यादा तीस. विषय संपला.

या हिशेबाला हसू नये. लॅबमध्येही नमुना एकत्र करून, दळून, त्यातूनच मोजतात. सरासरी काढणं ही काही मामांची चलाखी नाही. पण प्लँट हेड अन्न तंत्रज्ञान शिकलेले, त्यांनी अडचण सांगितली. अफ्लाटॉक्सिन मालात सारखं पसरलेलं नसतं. थोड्याशा बुरशी लागलेल्या मिरच्यांत ते एकवटलेलं असतं. तिन्ही शिफ्टचा माल वेगळा दळला, वेगळ्या बॅच नंबरानं भरला. ३८ ची पाकिटं वेगळी आहेत, आणि ती घेणाऱ्या घरात १९ ची पाकिटं जाणार नाहीत.

अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २८ इथे लागतं. आपला माल कायद्याला धरून नाही असं वाटण्याजोगं कारण उद्योजकाला असेल, तर त्यानं तो लगेच बाजारातून काढायला सुरुवात करायची आणि प्रशासनाला कळवायचं. इन्स्पेक्टरनं नमुना घेईपर्यंत थांबा, असं त्यात नाही. ३८ च्या बॅचबद्दल वकीलताईंनी पर्याय दिलाच नाही: मागवावीच लागेल.

एवढं सांगून त्या थांबल्या असत्या तरी नोकरी चोख झाली असती. त्यांनी एक पानभर हिशेब पुढे ठेवला. एका बाजूला पाकिटांची किंमत, वाहतूक, वितरकांना द्यायच्या क्रेडिट नोटा, माल नष्ट करण्याचा खर्च. त्यांच्या विम्यात माल परत मागवण्याचा खर्च वगळलेला होता, तेही लिहिलं. दुसऱ्या बाजूला दंड त्यांनी सगळ्यात खाली टाकला होता. वर होतं ब्रँडच्या करारातलं एक कलम: पुरवठादाराला सुरक्षेचा दोष माहीत असून त्यानं लपवला, तर सगळ्या खरेदी ऑर्डरी ताबडतोब रद्द करता येतील. दोष कुठल्या मालात, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. आपल्या पाकिटांतला दोषही त्यात बसत होता. शेठना कलम २८ पेक्षा हे कलम लवकर कळलं.

मग मुलानं विचारलं: २७ चं काय?

वकीलताई म्हणाल्या, कायद्यानं मागवावं लागत नाही. मर्यादेच्या आत आहे. लॅबच्या मोजमापात थोडं पुढेमागे होतं, त्यामुळे काठावर आहे, एवढंच. मागवायचं की नाही हा धंद्याचा निर्णय.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची कळ इथे आहे. बहुतेक वकील इथे हात झटकतात: "कमर्शियल कॉल तुमचा." त्यात सोय आहे, आणि थोडी भीतीही. त्या म्हणाल्या, "मागवलं असतं. पण हे वकील म्हणून सांगत नाही. पाकिटावर आपलं नाव आहे, आणि दुकानातून कोणी नमुना उचलला आणि ३१ निघाले तर आपल्याला २७ माहीत होतं हे आपल्याच कागदावर आहे." वकिलाचं मत कुठे संपतं आणि व्यवस्थापकाचं कुठे सुरू होतं, हे त्यांनी तोंडानं सांगितलं. पगारी वकिलानं धंद्यात शिरायला माझी हरकत नाही. न सांगता शिरायला आहे. कायद्याच्या आवाजात धंद्याचं मत दिलं की मालकाला वाटतं दुसरा पर्यायच नव्हता.

मामा उठून गेले. मुलानं दोन्ही बॅच मागवल्या, १९ ची ठेवली. परत आलेल्या गोण्यांतली एकही पाकिटांत घातली नाही.

पुढे काय झालं

सगळं गोड झालं नाही. अन्न व औषध प्रशासनाला कळवल्यावर अधिकारी आले, माहिती घेतली, आणि भलत्याच एका बॅचचे नमुने घेऊन गेले. त्यात विष नव्हतं, पण पाकिटावरचा बॅच नंबर पुसट होता, त्यावरून नोटीस आली. माल आपण होऊन मागवला म्हणून शाबासकी मिळते असं कोणी समजू नये. सुरतेकडच्या एका वितरकानं दुसऱ्याची पाकिटं ठेवायला सुरुवात केली आणि तो परत आला नाही. माल परत करणाऱ्या ब्रँडनं ऑर्डर कमी केली, तोडली मात्र नाही. दुसऱ्या ब्रँडला कंपनीनं स्वतःहून कळवलं होतं. त्यांनी आपला माणूस पाठवून पथारी बघितली आणि खरेदी चालू ठेवली.

कंपनीच्या आत तीन बदल झाले. एक, खरेदीच्या हंगामाआधीच्या बैठकीत वकीलताई बसतात. भिजलेला माल घ्यायचाच नाही, असा नियम मामांनी होऊ दिला नाही, आणि ते बरोबर होतं; नंदुरबारात पाऊस पडल्यावर असा नियम म्हणजे दुकान बंद. ठरलं ते असं: भिजलेला माल वेगळ्या पथारीवर, वेगळ्या शिफ्टला, अहवाल आल्याशिवाय भरणी नाही. लॅबचा खर्च भावात आधीच धरायचा. शेतकऱ्याचे पैसे अडकवायचे नाहीत. पावसाचा भुर्दंड त्याच्यावर टाकणारी एक सूचना आली होती, ती वकीलताईंनी पहिल्या फेरीतच काढली.

दुसरा बदल शेठना सुचला होता आणि वकीलताईंनी नाकारला. कायदा तुम्हालाच कळतो, तर अन्न सुरक्षेच्या नेमणुकीवर तुमचंच नाव घालू, असं शेठ म्हणाले. त्याच कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे कंपनी ज्या युनिटप्रमुखाला किंवा प्रभारीला अन्न सुरक्षेसाठी नेमते, त्या युनिटमधल्या चुकीसाठी तोच जबाबदार धरला जातो. दळणावर, पथारीवर, मीटरवर वकीलताईंचा हुकूम चालत नाही. मान म्हणून दिलेली ही सही पुष्कळ कंपन्यांत पगारी वकील घेतात आणि नंतर कोर्टाच्या तारखा मोजतात. त्यांनी प्लँट हेडचं नाव सुचवलं, आणि सोबत एक अट घातली: गाडी परत पाठवण्याचा अधिकार त्यांना लेखी द्या, मामांच्या परवानगीशिवाय. नाहीतर नावापुरता माणूस उभा केल्यासारखं होईल. तो अधिकार मिळायला दोन महिने लागले.

तिसरा, बोनस. इतर विभागप्रमुखांसारखा त्यांचाही बोनस विक्रीशी जोडायचं ठरत होतं. त्यांनी ठरावीक रक्कम मागितली, कमी असली तरी चालेल म्हणाल्या. या गोष्टीकडे फार कमी लोक बघतात. ज्याचा पगार गाडी सुटण्यावर वाढतो त्यानं गाडी थांबवावी, ही अपेक्षा चुकीची आहे. आता त्या थेट शेठ आणि मुलाला उत्तर देतात, अकाउंट्सना नाही. खुर्ची मात्र अजून अकाउंट्सच्याच खोलीत आहे. दुसरी खोली रिकामी नाही.

संचालक व्हा, असंही एकदा विचारून झालंय. कंपनी कायद्यात प्रमुख व्यवस्थापकीय पदांच्या यादीत कंपनी सेक्रेटरी आहे, वित्त अधिकारी आहे; कायदा प्रमुखाचं वेगळं नाव नाही, मंडळानं ठरवलं तरच तो त्यात येतो. संचालक झाल्यावर मतदान करायचं आणि त्याच ठरावावर कायद्याचं मतही द्यायचं, हे त्यांना पटलं नाही. मुलाला अजून वाटतं की त्यांनी व्हावं. दोघांच्याही बाजूनं बोलता येईल; मी वकीलताईंच्या बाजूनं आहे.

सध्याचा वाद वेगळा आहे. ऑर्डर कमी केलेल्या ब्रँडनं नवा करार पाठवलाय. दोष निघाला तर ब्रँडचं होईल ते सगळं नुकसान पुरवठादारानं भरायचं, रकमेला मर्यादा नाही. वकीलताईंनी मर्यादा लिहून परत पाठवला: दोषी लॉटची किंमत आणि तो लॉट परत मागवण्याचा प्रत्यक्ष खर्च, एवढंच. मामांना वाटतं सही करून टाकावी, हंगाम जातोय. या खेपेला गाडी अजून भरलेली नाही.